हिमरात्रीचा विरंगुळा

करमणूक ही फावल्या वेळची गोष्ट आहे, असे आपण सहज बोलून जातो. आधी अन्न, वस्त्र, निवारा. मग वेळ उरलाच तर गाणे-बजावणे, नाटक, वाचन. हा क्रम खरा मानला, तर ज्याला उद्याच्या घासाची आणि ऊबेची भ्रांत आहे त्याच्या आयुष्यात करमणुकीला जागाच असू नये. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. जिथे मृत्यू दाराशी बसलेला होता तिथेच माणसांनी नाटके बसवली, हस्तलिखित वर्तमानपत्रे काढली, एकच कादंबरी दोन-दोन महिने पुरवून वाचली. या निबंधात आम्ही त्या साक्षीची तपासणी करणार आहोत. तिला निमित्त झाला आहे तो आजच्या काळातील एक प्रश्न.

गेल्या दहापंधरा वर्षांत संगणकावरील खेळांमध्ये एक प्रकार विशेष रुजला आहे. त्याला 'सर्व्हायव्हल गेम' म्हणतात. आपण त्याला 'तगण्याचे खेळ' म्हणू. या खेळात शत्रूला मारणे हे मुख्य काम नसते. बर्फाळ अरण्यात, वेढा पडलेल्या शहरात किंवा साथीने ओस पडलेल्या गावात एक पात्र खेळणाऱ्याच्या हाती सोपवलेले असते आणि त्या पात्राला जगवायचे असते. भूक, तहान, थंडी, झोप, जखमा यांचे हिशेब खेळ ठेवतो. सुरुवातीच्या खेळांत हिशेब एवढ्यावरच संपे. पुढे रचनाकारांच्या लक्षात आले की माणूस केवळ उपाशी राहून मरत नाही. तो खचतो, आणि खचल्यावर हाताशी असलेले अन्नही त्याला वाचवू शकत नाही. म्हणून पात्राच्या मनःस्थितीचा वेगळा हिशेब सुरू झाला. २०१३ साली आलेल्या 'डोन्ट स्टार्व्ह' या कॅनडातील खेळात पोट आणि प्रकृती यांच्या जोडीला मनाचा तोल मोजणारे तिसरे माप होते. त्यानंतरच्या अनेक खेळांत कंटाळा, उदासी, ताण अशी मापे आली, आणि त्यांवर उतारा म्हणून पुस्तके, मासिके, रेडिओ, दूरचित्रवाणी, गिटार ही साधने आली.

येथे प्रश्न उभा राहतो. बहुतेक खेळांत ही साधने औषधाच्या गोळीसारखी वागतात. पात्राने पुस्तक उघडले की उदासीचा आकडा ठरावीक अंशांनी उतरतो. पुस्तक कोणते, ते कोणासोबत वाचले, वाचायला कोण बसले, ते पहिल्यांदा वाचले की दहाव्यांदा, याने फारसा फरक पडत नाही. काही खेळांत तर वाचून झालेले पुस्तक खाल्लेल्या भाकरीप्रमाणे नाहीसे होते. करमणुकीचा मनावर होणारा परिणाम याहून खरा कसा दाखवावा, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांना आणि खेळणाऱ्यांनाही पडलेला आहे. आमच्या मते त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि विशेषेकरून ध्रुवप्रदेशाच्या इतिहासात आहे.

ध्रुवप्रदेशच का, असे वाचक विचारतील. कारण असे की तेथील मोहिमा म्हणजे जणू नियतीने मांडलेले प्रयोगच होते. मोजकी माणसे, मोजके सामान, महिनोनमहिने सूर्य नाही, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. आणि जवळजवळ प्रत्येक जण रोजनिशी लिहिणारा. कोणत्या दिवशी मन कशाने उभारी धरते आणि कशाने ढासळते, याच्या इतक्या बारीक नोंदी अन्यत्र सापडणे कठीण.

पॅरीचे नाटक

एडवर्ड पॅरी हा ब्रिटिश आरमारी अधिकारी १८१९ साली 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' ही दोन जहाजे व ९४ माणसे घेऊन वायव्य मार्गाच्या शोधात निघाला. सप्टेंबरअखेर जहाजे उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरील मेल्व्हिल बेटाच्या एका खाडीत बर्फात अडकली आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत तेथेच राहिली. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात दिसेनासा झालेला सूर्य ८४ दिवसांनी, ३ फेब्रुवारी १८२० रोजी पुन्हा दिसला.

पॅरीने या काळोखाची तयारी आधीच करून ठेवली होती. ५ नोव्हेंबर १८१९ रोजी, म्हणजे काळोख दाटत असतानाच, 'हेक्ला'च्या तक्तपोशीवर पहिले नाटक झाले. डेव्हिड गॅरिकचे 'मिस इन हर टीन्स' हे प्रहसन. त्यात स्वतः पॅरीनेही भूमिका केली. त्यानंतर पंधरवड्याला एक असा नाटकांचा क्रम चालला. रंगमंचावर तापमान गोठणबिंदूच्या खाली असे आणि स्त्रीवेष घेतलेल्या अधिकाऱ्यांना तलम कपड्यांत उभे राहावे लागे. जवळची नाटके संपत आली तेव्हा त्यांनी स्वतःच एक संगीत नाटक रचले. विषय अर्थातच वायव्य मार्गाचा, आणि शेवट यशस्वी घरवापसीचा.

पॅरीने आपल्या वृत्तांतात केलेली एक नोंद आम्हांला फार मोलाची वाटते. नाटकाचा लाभ केवळ प्रयोगाच्या रात्री होत नसे. रंगमंच उभारणे आणि नंतर उतरवणे यांत खलाशांचे आगेमागचे दिवस कामात जात, आणि तेही पॅरीला तितकेच महत्त्वाचे वाटत होते. म्हणजे दोन-तीन तासांच्या प्रयोगाने पंधरवड्यातील पुष्कळसा वेळ व्यापला होता: आधी तालीम आणि उत्सुकता, नंतर चर्चा आणि चेष्टा.

नाटकाच्या जोडीला 'नॉर्थ जॉर्जिया गॅझेट अँड विंटर क्रॉनिकल' हे साप्ताहिक होते. मोहिमेबरोबर असलेला शास्त्रज्ञ एडवर्ड सॅबिन त्याचा संपादक. त्याचे २१ अंक निघाले. अधिकाऱ्यांनी टोपणनावांनी लेख द्यावेत अशी योजना होती. पण काही जण लिहीत नसत; त्यांच्यावर अंकांतून टोमणे मारले गेले आणि काहींची मने दुखावली. १८२१ साली हे अंक लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. करमणुकीने मने जुळतात तशी ती दुरावतातही, हा धडा याच थंडीतला आहे.

जहाजावर हाताने दांडा फिरवून वाजवायचा एक ऑर्गनही होता. हवा वाईट असेल त्या दिवशी खलाशांनी त्याच्या सुरावर, किंवा स्वतःच गाणी म्हणत, तक्तपोशीभोवती धावावे असा शिरस्ता होता. संगीत, व्यायाम आणि ऊब या तिन्ही गोष्टी येथे एकाच कामात बांधलेल्या दिसतात. त्या हिवाळ्यात व नंतरच्या उन्हाळ्यात मिळून मोहिमेतील केवळ एक माणूस दगावला.

'बेल्जिका'ची काळरात्र

करमणुकीने सगळे साधते असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून आता विरुद्ध बाजूचे उदाहरण पाहू. अंटार्क्टिकाच्या बर्फात हिवाळा काढणारी पहिली शास्त्रीय मोहीम बेल्जियमची. आद्रियाँ द गेर्लाश तिचा प्रमुख, तरुण रोआल्ड आमुंडसेन तिच्यावर अधिकारी आणि अमेरिकन फ्रेडरिक कुक हा डॉक्टर. मार्च १८९८ मध्ये 'बेल्जिका' हे जहाज बर्फात अडकले आणि वर्षभर सुटले नाही. मे महिन्यात सूर्य मावळला तो जुलैत पुन्हा दिसला.

या जहाजावर करमणुकीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सचित्र मासिकांतील सुंदर स्त्रियांची चित्रे पुढे ठेवून त्यांत श्रेष्ठ कोण यावर मते घेण्याची स्पर्धाही भरवली गेली. कुकने लिहिलेल्या वृत्तांतात तिची हकीकत आहे. पण हे रंजन तेवढ्यापुरतेच टिकले. माणसे एकमेकांच्या त्याच त्या चेहऱ्यांना, त्याच त्या गोष्टींना विटली. ५ जून रोजी एमिल दांको हा अधिकारी हृदयविकाराने गेला, तेव्हा सर्वांवर औदासीन्याची छाया पसरली. काही जणांचे मानसिक संतुलन ढळले.

कुकने रोगाचे मूळ अन्यत्र शोधले. डबाबंद अन्नावर राहिलेल्या शरीरांत स्कर्व्हीने घर केले होते. त्याने सील आणि पेंग्विन यांचे ताजे मांस खायला लावले, आणि अशक्त रुग्णांना रोज काही वेळ उघड्या अंगाने शेगडीच्या उजेडात व ऊबेत बसवले. त्याने प्रकृती सुधारू लागली आणि प्रकृतीबरोबर मनेही. यातून एक मर्यादा स्पष्ट होते. ज्याचे शरीर आतून पोखरले जात आहे, त्याला चित्रांच्या स्पर्धेने बरे वाटत नाही. करमणूक अन्नाची जागा घेऊ शकत नाही; पुरेसे अन्न पोटात असताना माणसाने का जगावे, याचे उत्तर मात्र ती देऊ शकते.

दोन माणसे, एक पंचांग

फ्रिट्यॉफ नान्सेनचे 'फ्राम' हे जहाज १८९३ साली उत्तर महासागरात निघाले ते करमणुकीच्या बाबतीत श्रीमंत होते. त्यावर सुमारे ६०० पुस्तके होती, ऑर्गन होता, पवनचक्कीवर चालणारे विजेचे दिवे होते आणि मोहिमेच्या डॉक्टरने चालवलेले घरगुती वर्तमानपत्रही होते. मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि यालमार योहान्सेन हे दोघे जहाज सोडून कुत्र्यांच्या गाड्यांसह ध्रुवाकडे निघाले. ८६ अंशांपलीकडे पोचून त्यांना परतावे लागले, आणि त्या वर्षीचा हिवाळा त्यांनी फ्रांझ योझेफ लँड या द्वीपसमूहातील एका बेटावर, दगड आणि वॉलरसच्या कातड्यांच्या झोपडीत अस्वलाचे मांस खाऊन काढला.

तेथे वाचायला काय होते? नाविकांचे पंचांग आणि नौकानयनाची कोष्टके, एवढेच. नान्सेनने लिहिले आहे की ती कोष्टके त्याने इतक्यांदा वाचली की जवळपास पाठच झाली. तरीही छापील अक्षरे डोळ्यांना दिसणे यात त्याला समाधान वाटे. आपल्यात अजून सुधारलेल्या जगातला माणूस शिल्लक आहे याची ती खूण होती. खेळांच्या गणिताने पाहिले तर आकड्यांच्या कोष्टकाचे रंजनमूल्य शून्य भरेल. त्या झोपडीत ते शून्य नव्हते. वस्तूचे मोल तिच्यात साठवलेले नसते. ती कोणत्या परिस्थितीत कोणाच्या हाती आहे यावरून ते ठरते.

हिमगुहेतील साठ रात्री

आता आम्ही या इतिहासातील आमच्या मते सर्वांत बोलक्या प्रकरणाकडे वळतो. कॅप्टन स्कॉटच्या शेवटच्या मोहिमेची एक सहा जणांची तुकडी जानेवारी १९१२ मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर काही आठवड्यांच्या भूशास्त्रीय कामासाठी उतरवण्यात आली. तिला न्यायला येणारे जहाज बर्फामुळे पोचू शकले नाही. व्हिक्टर कॅम्पबेल, रेमंड प्रीस्टली आणि डॉक्टर मरे लेव्हिक हे तीन अधिकारी. अ‍ॅबट, ब्राउनिंग आणि डिकसन हे तीन आरमारी कर्मचारी. जवळ उन्हाळ्याचे कपडे आणि थोडकी शिधासामग्री. त्यांनी एका बर्फाच्या ढिगाऱ्यात सुमारे १२ फूट लांब, ९ फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच गुहा खणली आणि सबंध हिवाळा तीत काढला. आत ताठ उभे राहता येत नसे. सीलच्या चरबीच्या दिव्यांचा धूर आणि काजळी सर्वांगावर बसे. पोटाच्या विकाराने सगळेच बेजार होते.

या तुकडीचे टिकून राहणे तिच्या काटेकोर दिनक्रमावर आधारलेले होते. कॅम्पबेलने गुहेच्या जमिनीवर एक रेघ ओढली: एका बाजूला अधिकारी, दुसरीकडे कर्मचारी, आणि रेघेच्या एका बाजूला जे बोलले जाईल ते दुसऱ्या बाजूने ऐकलेच नाही असे समजायचे. अंथरुणाला अंथरूण लागलेल्या जागेत माणसाला मनमोकळे बोलता यावे म्हणून केलेली ही सोय होती. चॉकलेट शनिवारी, साखरेचे खडे रविवारी, मनुका महिन्याच्या अखेरीस, अशी गोड पदार्थांची वाटणी ठरलेली होती.

वाचनाचीही तशीच वाटणी होती. मोजक्या पुस्तकांत डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड', रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे चरित्र, लॉकची 'सायमन द जेस्टर' आणि बायबलचा नवा करार ही होती. लेव्हिक चरबीच्या दिव्याशी बसून रोज रात्री मोठ्याने वाची. नियम एकच: एका रात्री एक प्रकरण. 'डेव्हिड कॉपरफील्ड'ची प्रकरणे ६४ आहेत. ती सुमारे दोन महिने पुरली. वाचायला अधीर झालेली सहा माणसे, बाहेर सतत वाहणारे वादळी वारे, करायला दुसरे काही नाही. अशा स्थितीत दुसरे प्रकरण त्याच रात्री न उघडण्याचा संयम त्यांनी पाळला. त्यामुळे प्रत्येक दिवसाला 'पुढे काय होईल' असा एक प्रश्न मिळाला, आणि त्याचे उत्तर उद्यावर ठेवलेले होते.

३० सप्टेंबर १९१२ रोजी ही तुकडी गुहेतून निघाली आणि ७ नोव्हेंबरला पायी चालत मुख्य तळावर पोचली. सहाही जण जिवंत होते. याचे श्रेय कादंबरीला देणे अतिशयोक्तीचे होईल. सीलचे मांस, शिस्त आणि नशीब यांचा वाटा मोठा आहे. पण वाटणी करून घेतलेली कथा त्या शिस्तीचाच भाग होती, हे नाकारता येत नाही.

बारा पौंडांचे वाद्य

शॅकल्टनच्या 'एन्ड्युअरन्स' जहाजाची कथा वाचकांना परिचित असेल. ऑक्टोबर १९१५ मध्ये बर्फाने चिरडलेले जहाज सोडताना प्रत्येकाने दोन पौंडांपेक्षा अधिक खासगी सामान घेऊ नये असा हुकूम झाला. शॅकल्टनने स्वतः सोन्याची नाणी बर्फावर टाकून दिली. मात्र हवामानतज्ज्ञ लेनर्ड हसीचे सुमारे १२ पौंडांचे बँजो हे वाद्य त्याने आवर्जून बरोबर घ्यायला लावले. मनासाठी ते औषधच आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते वाद्य आज ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे.

एप्रिल १९१६ मध्ये शॅकल्टन मदत आणायला गेला आणि एलिफंट बेटावर २२ माणसे फ्रँक वाइल्डच्या देखरेखीखाली राहिली. दोन नौका पालथ्या घालून केलेल्या खोपटात त्यांनी ३० ऑगस्टपर्यंतचे दिवस काढले. तेथे शनिवारी रात्री गाण्याची बैठक होई. हसी वाजवी आणि बाकीचे एकमेकांच्या खोडींवर रचलेली गाणी म्हणत. आणखी एक साधन होते: चित्रकार मार्स्टनकडे असलेले एका पेनीचे पाककृतींचे पुस्तक. रोज रात्री त्यातील एक पाककृती वाचली जाई आणि मग तीत काय घालावे, काय वगळावे, यावर गंभीर चर्चा होई. सील आणि पेंग्विन खाऊन कंटाळलेली माणसे कल्पनेने पक्वान्ने रांधत होती. अनेकांना वाटेल की याने भूक अधिकच खवळेल. त्या माणसांनी मात्र तो क्रम सोडला नाही, कारण जे मिळत नव्हते त्याविषयी तक्रार करण्याऐवजी मत देता येत होते.

वेढ्यातील शहर आणि एक खेळ

हा इतिहास केवळ हिमप्रदेशापुरता नाही, आणि येथूनच तो आजच्या खेळांपर्यंत येतो. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत बोस्नियातील सारायेव्हो शहराला वेढा पडला होता. ऑगस्ट १९९२ मध्ये तेथील राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्याने जळाले. वीज, पाणी, जळण यांची वानवा असलेल्या घरांत लोकांनी चुलीत पुस्तकेही घातली. त्याच शहरात वेद्रान स्मायलोविच हा वादक पडक्या इमारतींत चेलो वाजवीत बसे. ऑगस्ट १९९३ मध्ये सुझन सोंटॅगने तेथील नटांना घेऊन मेणबत्त्यांच्या उजेडात बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' बसवले. आणि १९९५ साली वेढा उठण्यापूर्वीच चित्रपट महोत्सव सुरू झाला.

वॉर्साच्या इलेव्हन बिट स्टुडिओने २०१४ साली आणलेल्या 'धिस वॉर ऑफ माइन' या खेळामागे सारायेव्होची प्रेरणा आहे. त्यात सैनिक नव्हे, तर वेढ्यातील सामान्य नागरिक जगवायचे असतात. पात्रे उदास होतात, खचतात आणि पूर्ण मोडली तर सांगितलेले काम करीत नाहीत. पुस्तक वाचून, रेडिओवरचे संगीत ऐकून, गिटारीने, एकमेकांची समजूत घालून त्यांना सावरता येते. मात्र तेच पुस्तक शेगडीतही घालता येते. थंडीने आजारी पडलेल्या सोबत्यासाठी पुस्तक जाळावे की मन टिकवण्यासाठी राखावे, हा निर्णय खेळणाऱ्याला करावा लागतो. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा खेळ वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी शिफारस केलेल्या साहित्यात घेण्याचे जाहीर केले. आमच्यासारख्या पुस्तकवेड्यांनीही त्याची दखल घ्यावी, असे त्यात नक्कीच आहे.

दुसरे दोन खेळ उल्लेखनीय आहेत. 'रिमवर्ल्ड' या खेळात पात्रांना रंजनाची स्वतंत्र गरज असते, आणि एकाच प्रकारचे रंजन वारंवार केले की त्याचा गुण उणावतो. वैविध्य द्यावे लागते. 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड' या खेळात सुरुवातीचे काही दिवस दूरचित्रवाणीवर ठरावीक वेळी कार्यक्रम लागतात, आणि मग एके दिवशी प्रसारण बंद पडते. ती वेळ गाठण्यासाठी खेळणारा हातातले काम टाकून घराकडे धाव घेतो. पॅरीच्या पंधरवडी नाटकाशी याचे नाते आहे.

इतिहासाचे सांगणे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या खेळांतील करमणुकीचा परिणाम अधिक खरा करायचा तर काय करावे? वरील पुराव्यांवरून आम्हांला पाच गोष्टी सुचतात.

पहिली, वाट पाहण्याला गुण द्यावा. लेव्हिकच्या श्रोत्यांना बळ मिळे ते केवळ वाचनाच्या तासात नव्हे, तर पुढच्या तेवीस तासांतही. ज्या पात्राने पुस्तक अर्ध्यावर ठेवले आहे, त्याला दुसऱ्या दिवशी उठण्याचे एक कारण अधिक असले पाहिजे. आजचे खेळ नेमके उलटे करतात. पुस्तक संपवल्यावरच बक्षीस देतात.

दुसरी, सोबतीचा हिशेब ठेवावा. एकाने मोठ्याने वाचणे आणि पाच जणांनी ऐकणे ही सहा जणांची करमणूक असते, आणि नंतरचे बोलणे हा तिचा मोठा भाग असतो. सहा पात्रांनी सहा कोपऱ्यांत सहा पुस्तके वाचली म्हणजे तेवढाच परिणाम होतो, असे मानणे चूक आहे.

तिसरी, करणाऱ्याला ऐकणाऱ्यापेक्षा अधिक मिळावे. पॅरीचे खलाशी रंगमंच उभारीत, सॅबिन अंक सिद्ध करी, हसी वाजवी. ज्याच्या हाती काही करण्याजोगे आहे आणि ज्याची इतरांना गरज आहे, तो माणूस लवकर खचत नाही.

चौथी, कंटाळा आणि परिपाठ यांतील भेद ओळखावा. 'रिमवर्ल्ड'चा नियम अर्धा खरा आहे; 'बेल्जिका'वरील माणसे तेच ते ऐकून विटलीच. पण शनिवारची बैठक आणि रात्रीची एक पाककृती यांचा गुण पुनरावृत्तीने उणावला नाही, कारण त्यांना दिवस आणि वेळ नेमून दिलेली होती. तीच गोष्ट वाटेल तेव्हा केली की झिजते, आणि ठरल्या वेळी केली की मुरते.

पाचवी, अपायही दाखवावा. टोमण्यांनी दुखावलेले लेखक, घरच्या आठवणीने व्याकूळ करणारे गाणे, उपाशी पोटी नकोसे झालेले रंजन, हे सारे खरे आहे. जे साधन कधीच चुकत नाही, ते खेळणाऱ्याला कधीच विचार करायला लावत नाही.

आमच्या वाचकांना या सर्वांत काही ओळखीचे वाटले असेल. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे प्रसंग ध्रुवीय मोहिमांइतके प्राणांतिक नव्हते, आणि तशी तुलना करणे अप्रस्तुत ठरेल. तरी घरापासून दूर पडलेल्या थोड्या माणसांनी हस्तलिखित अंक काढावेत, उत्सवात नाटक बसवावे, एकच अंक घरोघर फिरवावा, ही रीत आपण जगलो आहोत. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली; तीत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. पेटी यायची वाट पाहावी लागे आणि ती परत जाण्यापूर्वी वाचून घ्यावे लागे. पुस्तकाचे गावाशी जे नाते जडे, त्यात या दोन्ही मुदतींचा वाटा असला पाहिजे.

आज आपल्या संस्थांच्या कपाटांत ग्रंथ पुष्कळ आहेत आणि घरोघर तर करमणुकीची साधने दिवसाचे चोवीस तास हाताशी आहेत. तरी सभांतील खुर्च्या रिकाम्या राहतात, याची चिंता आपण प्रत्येक वार्षिक बैठकीत करतो. आपणही नकळत त्या खेळांच्याच चुकीत अडकलो आहोत काय, हे तपासावे असे आम्हांला वाटते. साठा वाढवला म्हणजे मने उभारी धरतील, हे गणित हिमगुहेतील सहा माणसांनी केव्हाच खोडून काढले आहे. त्यांच्याकडे पुस्तके मोजकी होती. पण वाचणारा ठरलेला होता, वेळ ठरलेली होती आणि ऐकायला सगळे होते.

घरातील नातवंड संगणकावर असा एखादा खेळ खेळत असेल, तर त्याला वेळ वाया घालवतोस म्हणून रागावण्याआधी एवढे विचारून पाहावे की त्या पडक्या घरात पुस्तक कोण वाचतो आहे आणि ते ऐकायला कोण बसले आहे. उत्तर बहुधा 'कोणी नाही' असे येईल. मग त्याला लेव्हिकची गोष्ट सांगता येईल. एका रात्री एकच प्रकरण या नियमासह.